क्रेनच्या पायाजवळची फट

मित्रांनो, मी बंदरातले एक मालाचे आवार आहे, पण खऱ्या समुद्राचे पाणी मला कधी लागलेले नाही. मी संगणकावरच्या एका खेळात राहतो. या खेळात पाच-पाच जणांचे दोन संघ असतात. एक संघ जहाजाच्या बाजूने आत शिरतो, दुसरा फाटकाच्या बाजूने, आणि मग दोघे माझ्या गल्ल्याबोळांतून एकमेकांना हुडकत बंदुका चालवत फिरतात. अशा जागेला खेळणारे मॅप म्हणतात. मला ते नुसते ‘यार्ड’ म्हणतात. माझे वय अकरा वर्षे. तुमच्यात हे वय शाळेत जायचे, पण खेळांच्या दुनियेत मी म्हातारा झालो आहे.

माझ्यात रोज हजारो माणसे मरतात आणि पुढच्या डावाला उठून पुन्हा धावतात. त्यामुळे मरणाचे मला फारसे काही वाटत नाही. पण एकदा माझ्यात एका माणसाची अब्रू गेली. अब्रू पुढच्या डावाला आपोआप परत येत नाही. ती हकिकत तुम्हाला सांगतो.

एक आधीच सांगून ठेवतो. जो कोणी तोंडापुढे माइक लावून माझ्यात येतो, त्याच्या भोवतीचे सगळे मला ऐकू येते. बाळाचे रडणे, पंख्याची घरघर, शेजाऱ्यांची भांडणे, सगळे. म्हणून मी जे सांगेन ते माझे स्वतः ऐकलेले आहे.

मला ज्याने घडवले त्याला कचेरीत सगळे मिस्त्री म्हणत, कारण तो स्क्रीनवरच्या भिंतीकडेही ओळंबा लावल्यासारखा एक डोळा मिटून बघे. मला उभारण्याआधी तो एका खऱ्या बंदरावर चार दिवस मालाच्या लोखंडी डब्यांचे, म्हणजे कंटेनरचे, फोटो काढत फिरला होता. तिथला पहारेकरी त्याच्या मागे मागे होता. शेवटी न राहवून तो म्हणाला, “अहो, गंजाचे कसले फोटो काढताय? नवे कोरे डबे पलीकडे आहेत, ते काढा की!” ही गोष्ट मिस्त्री येईल त्याला सांगे आणि दर वेळी स्वतःच आधी हसे.

सुरुवातीला मी नुसत्या करड्या ठोकळ्यांचा होतो. मग मिस्त्रीने मला रंग दिला, गंज दिला, ताडपत्र्या दिल्या, डबक्यांत आभाळ दिले. तीनशे बारा कंटेनर, एक उंच पिवळी क्रेन, अर्धे भरलेले जहाज, पत्र्याचे गोदाम आणि वजनकाट्याची एक लहानशी केबिन. त्या केबिनमधल्या टेबलावर चहाचा कप आहे आणि कपाशेजारी कपाच्या बुडाचा गोल डाग आहे. त्या डागासाठी मिस्त्रीने दोन दिवस घालवले. “कोणी बघणार नाही,” तो म्हणाला, “पण मला माहीत असेल ना!”

मी पुरा झालो तेव्हा माझ्यात मुंगी आली.

मुंगी म्हणजे कचेरीतली टेस्टर. तिशी नुकतीच ओलांडलेली, चिवट स्वभावाची, हळू आवाजात बोलणारी बाई. तिचे काम बंदूक चालवण्याचे नव्हते. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ती माझ्या प्रत्येक भिंतीला खांदा लावून सरकत राही. कुठे पाय अडकतो का, कुठून माणूस आरपार जातो का, कुठली शिडी चढता येत नाही, हे बघायचे आणि लिहून काढायचे. भिंतीवरून इतक्या चिकाटीने सरके म्हणून तिचे नाव मुंगी पडले. तिलाही ते आवडत असावे, कारण खेळातही तिने तेच नाव घेतले होते.

दुपारी तिच्या आईचा फोन येई.

“काय करतेस गं?”

“भिंतीला धडका मारतेय.”

“अजून तीच भिंत?”

“नाही गं आई, ती झाली. ही शेजारची.”

“बाई गं,” आई म्हणे, “एवढं शिकवलं ते याच्यासाठी!” आणि दोघी हसत.

मित्रांनो, मला घडवले मिस्त्रीने, पण मला पुरते पाहिले ते मुंगीनेच. खेळणारे धावत येतात आणि धावत जातात. ही बाई माझ्या अशा कोपऱ्यांत तास तास बसली आहे, जिथे नंतर अकरा वर्षांत कोणी फिरकले नाही.

एके दिवशी ती क्रेनच्या पायाशी आली. तिथे क्रेनचा पाय आणि एक निळा कंटेनर यांच्यामध्ये बोटभर फट आहे, म्हणजे तेव्हा होती. मुंगीने तिथे खाली बसून पाठ टेकवली आणि त्याच अवस्थेत उड्या मारायला सुरुवात केली. अकराव्या उडीला ती भिंतीतून पार होऊन कंटेनरच्या आत जाऊन पडली.

आता आमच्याकडे भिंती एकाच बाजूने रंगवलेल्या असतात. आतून बघितले तर त्या दिसतच नाहीत. त्यामुळे आत बसलेल्या मुंगीला बाहेरचे सगळे आवार लख्ख दिसू लागले, पण बाहेरच्या कुणाला ती दिसली नसती. तिने गोळी झाडून बघितली. गोळी बाहेर गेली. मग शेजारच्या टेबलावरच्या मुलीला बाहेरून झाडायला सांगितली. ती गोळी आत आली नाही.

मुंगीने लगेच नोंद केली. नोंद क्रमांक अकराशे सत्तेचाळीस. मग मिस्त्रीला बोलावून दाखवले.

मिस्त्रीने नेहमीसारखे एक डोळा मिटून बघितले असावे. “कोण तिथे बसून अकरा उड्या मारणार आहे?”

“मी मारल्या की.”

“तुला त्याचा पगार मिळतो.”

“पण कोणी चुकून ढकललं गेलं तर?”

“मुंगे, कंटेनर बोटभर सरकवला की त्याची सावली सरकते. सावली सरकली की सगळा उजेड पुन्हा बसवायला लागतो. तीन दिवसांवर आलंय प्रकाशन.”

तेवढ्यात साहेब आले. सगळ्या खेळाची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्यांनी उभ्या उभ्या ऐकून घेतले आणि म्हणाले, “पुढच्या वेळी बघू. बंद कर ती नोंद.” नोंदीपुढे ‘दुरुस्तीची गरज नाही’ असे लिहिले गेले. तिसऱ्या दिवशी साहेबांनी एक कागद फिरवला. त्यावर लिहिले होते, नकाशा पूर्ण तपासला, खेळात फरक पडेल असा कोणताही दोष नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. मुंगीच्या टेबलावर पेनचे टोपण दोनदा उघडल्या-मिटल्याचा आवाज आला, आणि मग तिनेही सही केली.

मित्रांनो, मी कोणाला दोष देत नाही. मीही गप्प होतो, पण मला बोलताच येत नाही. त्या खोलीतल्या माणसांना बोलता येत होते.

त्यानंतर माझे सोन्यासारखे दिवस आले. लोकांनी मला डोक्यावर घेतले. कुठला संघ कुठल्या गल्लीतून आला, कोणी क्रेनवरून उडी टाकून कसा डाव जिंकला, याच्या गप्पा रंगत. माझी चित्रे मुलांच्या दप्तरांवर आली. मिस्त्रीचा सत्कार झाला. चहाच्या डागाचीसुद्धा कोणीतरी तारीफ केली, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते म्हणे. फटीजवळून रोज लाखो पाय गेले, पण कोणी तिथे बसले नाही. पाच वर्षे अशीच गेली आणि सहावे लागले.

त्या काळात माझ्यात पेंगुळ नावाचा एक जण येऊ लागला. हे त्याचे खेळातले नाव. आवाज असा की आत्ताच झोपेतून उठवून आणले आहे असे वाटावे, पण हात विजेसारखे. वय चोवीस. थोरल्या भावाबरोबर औषधांचे दुकान चालवायचा. दुपारी दुकान बंद असले की वरच्या खोलीत बसून तो माझ्यात एकटाच सराव करी, आणि दुकान उघडायची वेळ झाली की खालून भावाची हाक येई, “अरे, गिऱ्हाईक उभं आहे! बंदुका ठेव आणि मलम काढ!”

“आलो दादा,” पेंगुळ जांभई देत म्हणे, आणि जाता जाता शेवटची गोळी बरोबर निशाण्यावर लावून जाई.

त्याचा संघ त्या वर्षी मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला. सामना एका भल्यामोठ्या सभागृहात होता, आणि शेवटचा डाव माझ्यात होता. दोन्ही संघ बरोबरीत. पेंगुळचे चारही साथीदार मेले होते. समोर तिघे शिल्लक. एकट्या पेंगुळने क्रेनच्या पायाचा आडोसा घेतला आणि तो खाली बसला.

त्याची पाठ त्या फटीला टेकली होती.

समोरच्या एकाने हातबॉम्ब फेकला. स्फोटाने पेंगुळ मेला नाही, पण जोरात मागे ढकलला गेला, आणि अकरा उड्यांचे काम त्या एका धक्क्याने झाले. तो कंटेनरच्या आत गेला.

“अरे, मी कुठे आहे?” तो म्हणाला. हे सगळ्या साथीदारांनी ऐकले, मीही ऐकले.

बाहेर तिघे त्याला शोधत होते. त्यांना वाटले तो निसटला. तिघेही त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले. पेंगुळ तीन सेकंद थांबला. ते तीन सेकंद मला अजून आठवतात. मग त्याने तीन गोळ्या झाडल्या. डाव संपला, सामना संपला, सभागृह ओरडून उठले. मग पडद्यावर तोच क्षण पुन्हा दाखवला गेला आणि ओरडणे हळूहळू थांबले. कंटेनरच्या पत्र्यातून गोळ्या बाहेर येताना सगळ्यांना दिसत होत्या.

पंचांनी खेळ बनवणाऱ्या कंपनीला विचारले, नकाशात अशी जागा आहे का? साहेबांनी सह्यांचा कागद पाठवून दिला. अशी जागा नाही. मग एकच अर्थ उरला, की पेंगुळने आपल्या संगणकात भिंतीतून जाण्याचे काहीतरी चोरून बसवले असणार. चषक काढून घेतला. त्याच्यावर स्पर्धांत खेळण्याची जन्मभराची बंदी घातली. आठ दिवसांनी फेरविचार होणार होता, पण तो नावापुरताच होता. भावाच्या दुकानासमोर उभी राहून पोरे ‘पत्र्यातला चोर’ म्हणून ओरडू लागली. हे मला कसे कळले? पेंगुळ दुपारी माझ्यात येऊन नुसता उभा राही, आणि ती ओरड खिडकीतून येई.

बंदी जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मुंगी माझ्यात आली. सरळ क्रेनच्या पायाशी गेली, खाली बसली आणि उड्या मारू लागली. अकराव्या उडीला ती आत गेली.

मिस्त्री तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

“हे उकरू नकोस,” तो हळूच म्हणाला. “कागदावर तुझी सही आहे.”

“म्हणूनच तर.”

“नोकरी जाईल मुंगे. साहेब सांगतील, हिनेच बिनचूक म्हणून लिहून दिलं होतं.”

“खरंच आहे ते. मीच दिलं होतं.” मग तिचा आवाज चढला. तो चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. “चहाच्या डागाला दोन दिवस दिलेस ना रे? आणि याला बोटभर जागा देता येईना?”

मिस्त्रीच्या चपला लांब जाताना ऐकू आल्या.

दुपारी आईचा फोन आला. मुंगीने तिला सगळे सांगितले.

“तो मुलगा त्या डब्यात मेला का?” आईने विचारले.

“नाही गं. मेला असता तर बरं झालं असतं.”

“शुभ बोल! मग चूक कोणाची?”

“बऱ्याच जणांची. पण सही माझी आहे.”

“मग मला काय विचारतेस? जाऊन सांग,” आई म्हणाली. “आणि जाताना काहीतरी खाऊन जा.”

फेरविचाराच्या दिवशी तिने मला तिथल्या मोठ्या पडद्यावर उघडले. माइक चालू होता. तीन पंच, कंपनीतर्फे साहेब, आणि टेबलाच्या टोकाला पेंगुळ आणि त्याचा भाऊ. मुंगीला कोणी बोलावलेले नव्हते. ती स्वतःच अर्ज देऊन आली होती.

“आपण कोण?” थोरल्या पंचबाईंनी विचारले.

“नकाशा तपासून बिनचूक आहे म्हणून सही करणाऱ्यांतली मी एक.”

“मग आता काय सांगायचंय?”

“तो बिनचूक नाही. दाखवते.”

ती क्रेनच्या पायाशी बसली आणि उड्या मारू लागली. अकरावी झाली, काही घडले नाही. पंधरावी झाली. साहेब हलकेच हसले. “पाहिलंत?” ते म्हणाले. तिची पाठ फटीला नीट टेकत नव्हती. मित्रांनो, त्या वेळी मला फार वाटले की आपण जरा सरकावे, तिला आत घ्यावे. पण मला जसे रचले तसाच मी असतो. एकोणीस. वीस. एकवीस. खोलीत फक्त तिच्या कीबोर्डचा आवाज होता. तेविसाव्या उडीला ती आत गेली.

पेंगुळच्या भावाने टेबलावर जोरात हात आपटला.

“हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?” पंचबाईंनी विचारले.

“सहा वर्षं. नोंदही केली होती. अकराशे सत्तेचाळीस नंबर. ती बंद करायला लावली.”

“तरी सही केलीत. का?”

मुंगीला उत्तराची तयारी करायला आठ दिवस मिळाले होते, पण तिने काही तयार केले नव्हते. “सगळे करत होते,” ती म्हणाली. “आणि वाद घालायचा कंटाळा आला होता.”

मग पंचबाई पेंगुळकडे वळल्या. “तुम्ही मुद्दाम आत गेलात?”

“नाही. स्फोटाने ढकललं.”

“आत गेलात हे कळलं होतं?”

आत्तापर्यंत त्याला हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. सगळ्यांनी एकच विचारले होते, काय बसवलेस? नाही म्हणाला असता तर कोणाला काही कळले नसते. मला कळले असते, पण मी साक्षीला जाऊ शकत नाही.

पेंगुळची खुर्ची मुंगीच्या दिशेला वळल्याचा आवाज आला.

“कळलं होतं,” तो म्हणाला. “तीन सेकंद विचार केला. तिघं पाठ करून उभे होते. मग झाडल्या गोळ्या.”

“अरे, गप्प बसायला काय झालं होतं तुला!” भाऊ कळवळून म्हणाला, आणि पुढच्याच क्षणी त्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला असावा, कारण थोपटल्यासारखा आवाज आला.

निकाल असा लागला. पेंगुळने काहीही चोरून बसवले नव्हते, तो फसवा नव्हता, हे जाहीर झाले आणि बंदी उठली. पण तो डाव रद्द झाला. अंतिम डाव दुसऱ्या एका मॅपवर पुन्हा खेळवला गेला, आणि त्यात पेंगुळचा संघ हरला. साहेबांचे काहीच बिघडले नाही. ते पुढे आणखी मोठे साहेब झाले. मुंगीला तीन महिन्यांनी सांगण्यात आले की आता तुमच्याजोगे काम इथे उरलेले नाही.

मला दुरुस्तीसाठी बंद केले. मिस्त्री स्वतः आला. त्याने निळा कंटेनर बोटभर सरकवला, सावली सरकवली, त्या कोपऱ्यातला उजेड नव्याने बसवला. सगळा नाही, फक्त त्या कोपऱ्यातला. तेवढ्याने भागले. मग त्याने घड्याळ बघितले असावे.

“वीस मिनिटं,” तो म्हणाला. खोलीत दुसरे कोणी नव्हते.

मी परत खुला झालो, पण तोवर नवे मॅप आले होते. जंगलातले, बर्फातले, आभाळात तरंगणारे. मुलांच्या दप्तरांवरून मी उतरलो. आता यादीत अगदी तळाला ‘जुने मॅप’ म्हणून माझे नाव असते. कधी कधी आठ-आठ दिवस माझ्यात कोणी येत नाही. तक्रार करावी असे काही नाही. खेळ जुना होतोच.

पण वर्षाभराने एका रविवारी सकाळी माझ्यात दोघेच आले, मुंगी आणि पेंगुळ. पेंगुळने तिला शोधून निरोप धाडला होता. दोघे जहाजाच्या कडेने चालत राहिले. कोणी बंदूक काढली नाही.

“राग आला होता मला तुमचा,” पेंगुळ म्हणाला.

“अजून आहे?”

“थोडा आहे. दादाने दुकानातल्या काचेच्या कपाटात चषकासाठी जागा केली होती. आता तिथे खोकल्याची औषधं आहेत.”

“मग बोलावलंस कशाला?”

“दुकानासमोर आता कोणी ओरडत नाही. ते सांगायचं होतं. दादा म्हणाला, सांगून ये.” मग त्यानेच विचारले, “तुम्ही काय करता आता?”

“लिफ्ट तपासते. खऱ्या.”

“तिथे ऐकतात तुमचं?”

“ऐकावंच लागतं,” मुंगी हसून म्हणाली. “साहेबांनाही त्याच लिफ्टने वर जायचं असतं.”

पेंगुळ मोठ्याने हसला. त्याचे हसणे मात्र अजिबात पेंगुळलेले नव्हते. अर्धा तास ते फिरले, वजनकाट्याच्या केबिनमध्ये डोकावले, आणि निघून गेले. दोघे पुन्हा एकत्र आलेले मी पाहिले नाहीत.

मित्रांनो, माझी हकिकत इथे संपते. मी आहे तोवर आहे. एखाद्या दिवशी कोणी एक कळ दाबेल आणि मी नसेन, त्याबद्दल माझे काही मागणे नाही. मागणे आहे ते तुमच्या जगाबद्दल, जिथे पडलेला माणूस पुढच्या डावाला उठत नाही. तुमच्या शाळेत, घरात, पुढे कामाच्या जागी एखादी मुंगी असेलच. ती येऊन म्हणेल, “या पायरीचा दगड हलतोय,” किंवा “हा कठडा सैल आहे.” तिचे ऐकून कंटाळा येईल. आपल्याला घाई असेल. तेव्हा तिला वाटेला लावू नका. तिच्याबरोबर तिथवर चालत जा आणि स्वतःचा पाय त्या दगडावर ठेवून बघा.